आमच्या जीपचा दम

पावसाच्या दृष्टीने पाहू गेल्यास आमचा नगर जिल्हा एक नसून दोन आहेत. पूर्वेकडचा पाथर्डी-कर्जताचा मुलूख आभाळाकडे डोळे लावून बसलेला, तर पश्चिमेस सह्याद्रीला पाठ टेकून असलेला अकोले तालुका पावसाने झोडपून निघालेला. नगर शहरास वर्षाकाठी पाच-सहाशे मिलिमीटर पाऊस पडला तरी लोक समाधान मानतात. घाटघरास त्याच्या कित्येक पट कोसळतो, आणि म्हणून त्या गावास ‘नगर जिल्ह्याची चेरापुंजी’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. २०२४ साली सरकारदरबारी जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. तथापि घरातल्या बोलण्यात अजून ‘नगर’ हेच तोंडी येते, म्हणून येथेही तेच ठेवतो.

या दुसऱ्या, ओल्या जिल्ह्याशी आमच्या घराचा संबंध जडला तो आमच्या आईमुळे. १९६३ पासून तीन वर्षे ती भंडारदऱ्याच्या जलाशयामागील एका डोंगरवाडीत प्राथमिक शाळेची शिक्षिका होती. वाडीचे नाव मुद्दामच देत नाही. तेथील माणसांस सहलीच्या गर्दीचा उपसर्ग पोहोचू नये एवढाच हेतू. महादेव कोळ्यांची वीस-पंचवीस घरे, आणि त्यांत वीस वर्षांची, लग्न न झालेली ही ब्राह्मणाची मुलगी! दुसऱ्या पावसाळ्यात तिला विषमज्वर झाला. ओढे फुगलेले, वैद्य-डॉक्टर नाही, घरी निरोप पोहोचण्यास आठ दिवस. त्या दुखण्यात जिने उशाशी बसून तिला नागलीची पेज पाजली व परत माणसांत आणले, ती बाई अजून हयात आहे. आई तिला बहीण मानते व आम्ही सारी भावंडे तिला मावशी म्हणतो.

मावशीचे गुडघे गेल्यापासून ती वाडीवरून उतरत नाही. आईला एक्क्याऐंशीवे लागले; तिला चढ चालवत नाही. दोघींची भेट होऊन नऊ वर्षे झाली होती. फोनवर बोलणे होई, परंतु दोघींनाही कमी ऐकू येत असल्यामुळे ते बहुतेक “हॅलो, हॅलो” यातच संपे. “एकदा भेटवा रे,” असे आई मागील वर्षी तीन वेळा म्हणाली. आमची आई एक गोष्ट तीन वेळा सांगणारी नव्हे.

डांबरी सडक वाडीच्या पायथ्याशी थांबते. तेथून वर जवळजवळ तीन किलोमीटर बैलगाडीची वाट. कोठे उघडा खडक, कोठे लाल माती, आणि मध्यावर एक असे वळण की तेथे बैलसुद्धा क्षणभर विचार करतात. डोलीतून नेण्याची सूचना निघाली होती. “चौघांच्या खांद्यावरून एकदाच जायचं असतं. ती घाई आत्ता नको,” असे म्हणून आईने ती उडवून लावली. तेव्हा उरली ती काकांनी १९८९ साली राहुरीच्या शेतीसाठी घेतलेली आमची जुनी महिंद्र जीप.

ही जीप म्हणजे त्या कंपनीची एम. एम. ५४०. तिचे डिझेल इंजिन फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या आराखड्यावरचे, २११२ घनसेंटिमीटरचे, आणि शक्ती पुरी बासष्ट घोड्यांची. आजच्या लहानशा घरगुती मोटारीसही याहून अधिक घोडे असतात. त्यातून पुन्हा नगर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंच. दर हजार मीटरांस हवा अदमासे दहा टक्के विरळ होते व इंजिनाचा श्वास तेवढा कमी पडतो. म्हणजे बासष्टांतले चारेक घोडे दाराशी उभे असतानाच बसून घेतात!

आमच्या चिरंजीवांचे या जीपवर अतिशय प्रेम. प्रेमापोटी त्याने तिला काय काय घातले नव्हते? पुढेमागे जाड लोखंडी बंपर, डोक्यावर लोखंडी जाळीचे कॅरिअर, दोन जादा चाके, पायाखाली चांगले बोटभर जाडीचे रबरी बिछाईत, आणि खाली मूळच्या अरुंद टायरांऐवजी एकतीस इंची रुंद टायर. गाडी दिसे मोठी ऐटबाज. गल्लीतली मुले तिच्याजवळ उभी राहून छायाचित्रे काढून घेत.

आश्विनात, पाऊस उघडल्यावर, आम्ही निघालो. राहुरी, लोणी, संगमनेर, अकोले, राजूर असा हा रस्ता. मुळेच्या पाण्यावरचा ऊस संपतो न संपतो तो प्रवरेच्या पाण्यावरचा सुरू होतो. १९५० साली जेथे सहकारी साखर कारखान्याचा पहिला मोठा प्रयोग यशस्वी झाला ते प्रवरानगर याच वाटेवर. संगमनेर मागे पडल्यावर डोंगर जवळ येऊ लागतात. अकोल्यास अगस्ती ऋषींच्या आश्रमाशी आईने हात जोडले. राजुरापुढे हवाच बदलते. कळसूबाईचे शिखर, १६४६ मीटर उंचीचे, महाराष्ट्रातील सर्वांत उंच, उजव्या हातास ढगातून डोके काढून पाहत होते. प्रवरेवरचे भंडारदऱ्याचे विल्सन धरण १९२६ साली पुरे झाले. त्या चिरेबंदी भिंतीमागे पसरलेले पाणी आणि पाण्यापलीकडे रतनगडाची काळी रेघ, हे दृश्य मी लहानपणापासून पाहत आलो आहे व अजून मला त्याचा कंटाळा आलेला नाही. कडेच्या खाचरांत भात पिवळा पडू लागला होता. आई गावागावांची नावे, फलकाकडे न पाहता, एकामागून एक सांगत होती.

येथपर्यंत सारे ठीक. वाडीची वाट लागली, आणि त्या वळणावर जीपने मान टाकली. आम्ही आठ माणसे, साखरेचे व डाळीचे पोते, लुगडी, भांडी. गाडीने काळा धूर सोडला, दोनदा हुंदका दिला व बंद पडली. इतकेच नव्हे तर हातभर मागे घसरली. आमच्या थोरल्या बंधूंनी चपळाईने दगड लावला म्हणून बरे! पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. आईचा चेहरा पांढरा पडला होता, पण ती काही बोलली नाही. खाली उतरून ती शंभर पावले चढली आणि एका दगडावर बसली. तेथून वाडीची पहिली कौले दिसत. अर्ध्या तासाने मावशीचा नातू धावत खाली आला, त्याच्या हाती काळभाताची पिशवी होती व निरोप होता की, “आजी म्हणाली, ताईला उन्हात बसवू नका, घरी न्या.” आम्ही परत फिरलो. परतीच्या वाटेत गावांची नावे कोणी सांगितली नाहीत.

घरी आल्यावर चिरंजीवांनी निदान केले की, इंजिनात जोर नाही, ते बदलून मोठे बसवावे, निदान टर्बो तरी जोडावा. टर्बो म्हणजे निकासाच्या वाफाऱ्यावर फिरणारा पंखा. तो इंजिनाच्या नळीत हवा दाबून भरतो, व हवा अधिक मिळाल्यामुळे अधिक डिझेल जळून अधिक शक्ती निघते. युक्ती खरी आहे व नव्या गाड्यांतून ती मूळचीच असते. परंतु पस्तीस वर्षांच्या, त्या उष्णतेसाठी न घडवलेल्या इंजिनास ती मानवेलच असे नाही. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम गाडीत असे मनास येतील ते फेरफार करू देत नाही. खर्चाचा आकडा तर असा होता की, तो ऐकून आमच्या वहिनींनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. तरीही, आईचा दगडावर बसलेला तो चेहरा डोळ्यांसमोर असल्यामुळे, मी पैशाची जुळवाजुळव करण्याच्या विचारात होतो हे कबूल केले पाहिजे.

तत्पूर्वी एकदा दाखवावी म्हणून गाडी लष्करी कार्यशाळेतून निवृत्त झालेल्या एका वृद्ध मिस्त्रींकडे नेली. त्यांनी इंजिनाचे झाकण उघडलेच नाही. प्रथम गाडी जॅकवर घेऊन एकेक चाक हाताने फिरवून पाहिले. मागचे डावे चाक अर्ध्या फेऱ्यात अडले. त्याचा ब्रेक कायमचा धरून राहिला होता. मग त्यांनी मुलाला आत बसवून पाय पुरा दाबावयास सांगितला व स्वतः पुढे वाकून पाहू लागले. मौज अशी की, त्या बोटभर जाडीच्या बिछाईतावर पायटा टेके, आणि पंपाची दांडी पाऊण वाटेवरच थांबे! म्हणजे बासष्ट घोड्यांपैकी कित्येकांना आम्हीच तबेल्यात कोंडून ठेवले होते. हवा गाळण्याच्या डब्यात धूळ व तेल यांचा चिखल झाला होता. इंजिनाचा दाब मापला तो मात्र चांगला निघाला.

“इंजिनाला बोल लावू नका, काका,” मिस्त्री म्हणाले. “नाकाला चिमटा लावायचा, पायात जड जोडे घालायचे, पाठीवर पोतं द्यायचं, अन् मग म्हणायचं की पळत का न्हाई!”

जड जोडे म्हणजे ते टायर. ही गोष्ट समजावयास मला थोडा वेळ लागला, म्हणून वाचकांसाठी जरा फोड करून सांगतो. इंजिनाची शक्ती ही एक गोष्ट व चाकाच्या कडेशी मिळणारी ओढ ही दुसरी. चाक जितके मोठे, तितका एका फेऱ्यात अधिक रस्ता कापला जातो व तितकीच ओढ कमी होते. आमच्या मूळ चाकाचा व्यास सुमारे अठ्ठावीस इंच भरला. एकतीस इंची चाक बसवताच ओढ दहा टक्क्यांनी घटली. चाकाचे वजन वाढले ते वेगळेच. विहिरीवर मोट चालवणाऱ्यास हे शिकवावे लागत नसे. बैल अशक्त असले तर तो मोट लहान लावी व खेपा अधिक घाली. पाणी तेवढेच निघे, वेळ मात्र जास्त लागे.

आणि गाडीतली लहान मोट म्हणजे ‘लो’ गिअर. फोर-व्हीलच्या दांड्याजवळ आणखी एक दांडा असतो. तो टाकला की वेग सुमारे अडीचपट कमी होतो व ओढ जवळजवळ तितकीच वाढते. आमचा तो दांडा वर्षानुवर्षे न वापरल्याने गंजून बसला होता. तो निकामीच आहे अशी घरात सर्वांची समजूत. अडीचपट जोर गाडीत पडून होता, आणि आम्ही जोर विकत आणावयास निघालो होतो!

चिरंजीवांस मात्र हे काहीसे अपमानकारक वाटले. बंपर व कॅरिअर काढावे लागणार, हे त्याच्या जिवावर आले. तेव्हा मिस्त्रींनी त्यास म्हटले, “दादा, एकदा रणगाडे बघून या.”

नगरच्या छावणीत भारतीय चिलखती दलाची शाळा व केंद्र १९४८ पासून आहे, आणि १९९४ च्या फेब्रुवारीत तेव्हाचे सेनाप्रमुख जनरल बिपिनचंद्र जोशी यांच्या हस्ते तेथील रणगाडा संग्रहालय उघडले गेले. नगरकरांनी ते पाहुण्यांना दाखवावे व स्वतः नीट पाहू नये, असा परिपाठ आहे; मीही तसाच. झाडांखाली ओळीने उभी असलेली ती लोखंडी जनावरे या वेळी मी प्रथमच वजन व घोडे यांचा हिशेब मनात धरून पाहिली. तेथे इंग्रजी चर्चिल रणगाडा आहे. वजन सुमारे चाळीस टन, शक्ती साडेतीनशे घोडे, म्हणजे टनामागे नऊसुद्धा घोडे नाहीत. सपाटीवर धाव ताशी चोवीस किलोमीटरच्या आसपास. पण त्याचे गिअर अति मंद ठेवलेले. १९४३ च्या एप्रिलात ट्युनिशियात लाँगस्टॉप नावाच्या टेकडीवर हा गोगलगायीच्या चालीने चढला. इतक्या उभ्या चढावर रणगाडा येईल असे वर बसलेल्या जर्मनांच्या ध्यानीमनीही नव्हते.

त्याहून जवळचे उदाहरण तेथल्या लहान स्टुअर्ट रणगाड्याचे. १ नोव्हेंबर १९४८ रोजी जनरल थिमय्या यांच्या योजनेनुसार ७ लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे लेफ्टनंट कर्नल राजिंदर सिंग ‘स्पॅरो’ यांच्या नेतृत्वाखाली झोजी खिंडीत शिरले, आणि लडाखची वाट मोकळी झाली. खिंड सुमारे साडेतीन हजार मीटर उंच. तेथे हवा जवळजवळ तीस टक्के विरळ. कोणी नवी इंजिने आणली नव्हती. श्रीनगरकडे येताना कच्च्या पुलांवरून भार हलका व्हावा व शत्रूस सुगावा लागू नये म्हणून रणगाड्यांचे बुरूज उतरवून वेगळे आणले होते, आणि मद्रास सॅपर्सच्या जवानांनी खेचरांची पाऊलवाट रणगाड्याजोगी रुंद करून ठेवली होती. चिरंजीव त्या स्टुअर्टसमोर बराच वेळ उभा होता. परतताना म्हणाला, “बाबा, त्यांनी वाटसुद्धा दुरुस्त केली!”

मूळ जीपची जन्मकथाही याच जातीची आहे. १९३८ साली विलीज कंपनीत आलेल्या बार्नी रूस नावाच्या मुख्य इंजिनिअराने तिचे अठ्ठेचाळीस घोड्यांचे इंजिन, आकार न वाढवता, केवळ भागांची घडण व जुळणी सुधारून साठ घोड्यांवर नेले. पुढे १९४० साली अमेरिकन लष्कराने गाडीस २१६० पौंडांची वजनमर्यादा घातली, तेव्हा त्याच माणसाने स्क्रूची लांबी छाटण्यापर्यंत मजल मारली. रंगाचा दुसरा हात दिला असता तर वजन वाढले असते असे सांगतात. त्याच गाडीची जुळवणी १९४९ पासून मुंबईत माझगावास होऊ लागली, आणि आमची जीप ही त्या घराण्यातली. तिच्या अंगावर लोखंडाचा हा शृंगार चढवणे कुळाला शोभणारे नव्हतेच.

उलट, आमच्या शहराची जुनी रीत निराळी होती हेही खरे. आज विजापुरास असलेली मुलूखमैदान तोफ १५४९ साली नगरातच ओतली गेली. वजन सुमारे पंचावन्न टन. ती हलवताना शेकडो बैल व हत्ती जुंपले असे सांगतात. मुलगा मोठे इंजिन मागत होता तो या परंपरेस धरून! फक्त आमच्यापाशी हत्ती नव्हते.

असो. मिस्त्रींनी पंधरा दिवस गाडी ठेवून घेतली. नोझल साफ करून तपासली, पंपाची वेळ मिळवली, टॅपेट बसवले, ब्रेक मोकळे केले, गंजलेला दांडा पेट्रोलने धुऊन चालता केला, आणि जुन्या मापाचे अरुंद टायर घातले. पंपातून डिझेल वाढवून द्यावे का, असे मी विचारले. ते म्हणाले, “हवा तेवढीच, मग डिझेल वाढवून काय? काळा धूर वाढेल.” बिल झाले ते टर्बोच्या आकड्याच्या दहाव्या हिश्शाचेही नव्हते. बंपर व कॅरिअर माळ्यावर गेले. बिछाईत आमच्या मांजराने घेतले.

मार्गशीर्षात पुन्हा निघालो. वाट या वेळी कोरडी होती, आश्विनातला चिखल नव्हता, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. नाहीतर सारे श्रेय जीपला जाईल. चिरंजीव आदल्या दिवशीच वाडीवर गेला होता, आणि मावशीच्या नातवासह सहा-सात जणांनी त्या वळणावरच्या चाकोऱ्या दगड-मुरुमाने भरून काढल्या होत्या. डांबर संपताच त्याने टायरांतली हवा तीस पौंडांवरून वीसवर आणली, म्हणजे टायर जरा पसरून खडकाला धरतो. गाडीत तिघेच: तो, आई, व तिला धरावयास वहिनी. सामानाची पोती दोन फेऱ्यांत मागाहून न्यावयाची ठरली. मी लाकडी ठोकळा हाती घेऊन मागून चाललो होतो.

‘लो’ मधल्या पहिल्या गिअरात जीप माणसाच्या चालीने चढू लागली. धूर नाही, हुंदका नाही. एकसारखा, जात्यासारखा घरघर आवाज. वळणावर मुलाने मध्येच गिअर बदलला नाही, पाय वरखाली केला नाही, मिस्त्रींनी बजावल्याप्रमाणे नुसता धरून ठेवला. एक चाक क्षणभर मोकळे फिरले, खडी मागे उडाली, माझ्या हातातला ठोकळा पुढे सरसावला, आणि तेवढ्यात दुसऱ्या चाकाने पकड घेतली. आईने त्या दगडाकडे वळून पाहिले. मग गाडी वर गेली, आणि मला फक्त आवाज ऐकू येऊ लागला. तो थांबला तेव्हा मी धावत सुटलो. पण तो वाडीत पोहोचून थांबला होता.

मी गेलो तेव्हा दोघी ओटीवर बसल्या होत्या. मावशीने आईचा हात आपल्या मांडीवर घेतला होता आणि ती तो उलटसुलट करून पाहत होती. बोलणे काही चालले नव्हते. थोड्या वेळाने मावशी म्हणाली, “लई वाळली गं ताई.” आई म्हणाली, “तू कुठं जाड आहेस?” आणि मग जे बोलणे सुरू झाले ते रात्री चुलीतला विस्तव विझेपर्यंत संपले नाही. कमी ऐकू येण्याची अडचण समोरासमोर पडत नाही असे दिसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघण्याच्या वेळी निराळाच प्रसंग उभा राहिला. मावशीला खाली धरणापर्यंत यावयाचे होते! कित्येक वर्षांत तिने पाणी जवळून पाहिले नव्हते. शिवाय राजुराच्या बाजाराला जावयाची काळभाताची पाच पोती दाराशी येऊन पडली होती, आणि ती न्यावी अशी वाडीकरांची सहज अपेक्षा. चिरंजीवाने पोती मोजली, माणसे मोजली, एकदा उताराकडे पाहिले. उतरतानाही ‘लो’ च टाकावयाचा, म्हणजे ब्रेकवर भार न येता इंजिनच गाडीला मागे धरून ठेवते, हे तो आता आम्हांस शिकवू लागला होता. दोन आज्या व तीन पोती गाडीत बसली, दोन पोती दुसऱ्या फेरीस ठेवली, आणि, “बाबा, तुम्ही आणि काकू पायी या. वजन होतंय,” असे सांगून तो निघून गेला.